स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्था : शासकीय धोरण व समताविषयक कायदे

स्त्रियांचे शिक्षण, संरक्षण, आरोग्य, अर्थार्जन व हक्क यांसाठी स्वेच्छेने स्थापन झालेल्या, नफ्याचा हेतू नसलेल्या आणि ज्यांच्या कारभारात प्रामुख्याने स्त्रियांचा सहभाग असतो अशा संस्थांना स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्था असे म्हणतात. महिला मंडळे, आधारगृहे, वसतिगृहे, सल्ला केंद्रे, उद्योग मंदिरे, कायदेविषयक साहाय्य देणारे गट आणि स्त्रीमुक्ती संघटना यांचा त्यांत समावेश होतो. शासनाशी असलेला त्यांचा संबंध दुहेरी स्वरूपाचा आहे. शासन या संस्थांची नोंदणी करते, त्यांना मान्यता व अनुदान देते आणि आपल्या काही योजनांची अंमलबजावणी त्यांच्यावर सोपविते. उलटपक्षी कायद्यातील उणिवा व शासनयंत्रणेची अनास्था निदर्शनास आणणे, हे याच संस्थांचे एक प्रमुख कार्य होय. ज्याच्याकडून मान्यता व पैसा मिळावयाचा, त्यालाच जाब विचारावयाचा, या पेचातून अशा संस्थांचे बरेचसे प्रश्न उद्भवतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे भारतातील, विशेषेकरून महाराष्ट्रातील, परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झालेल्या संस्था प्रायः लोकवर्गणी व देणग्या यांवर उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज व १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन यांची स्थापना केली. १८८२ मध्येच त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड प्रतिपादन केली. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी (१८९६) आणि रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांनी उभारलेले पुण्याचे सेवासदन (१९०९) या संस्थांनी विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या शिक्षणाचा पाया घातला. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने धार्मिक रूढींत हस्तक्षेप न करण्याचे धोरण सामान्यतः अनुसरले होते. त्यामुळे संस्थांना कायदेशीर अस्तित्व देणारा १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम उपलब्ध असला, तरी त्यांच्या कार्याला पाठबळ देणारे समताविषयक कायदे फारसे नव्हते.

१९२७ मध्ये पुणे येथे अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आरंभी शिक्षणसुधारणेपुरत्या मर्यादित असलेल्या या परिषदेला लवकरच असे आढळून आले, की बालविवाहाची चाल कायम असता मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सुटणे शक्य नाही. संमतिवयाच्या प्रश्नावर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर स्त्रियांच्या संस्थांनी आपली बाजू मांडली आणि १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाला (सारडा अधिनियमाला) पाठिंबा मिळवून दिला. पुढे हिंदू संहिता विधेयकाच्या चळवळीतही या संस्थांचा मोठा वाटा होता. सेवाकार्य करणाऱ्या संस्था कायदेविषयक मागणी करू लागल्या, हे या कालखंडाचे वैशिष्ट्य होय.

घटनात्मक अधिष्ठान : भारतीय संविधानातील कलम १४ अन्वये कायद्यापुढे समानता आणि कलम १५(१) अन्वये लिंगभेदावर आधारित पक्षपातास मनाई या तत्त्वांचा स्वीकार करण्यात आला. तथापि, कलम १५(३) नुसार स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची राज्यसंस्थेला मुभा आहे. केवळ स्त्रियांसाठी असलेली वसतिगृहे, आधारगृहे व प्रशिक्षणवर्ग यांना सार्वजनिक पैशातून दिलेले साहाय्य समतेच्या विरोधी ठरत नाही, ते या उपकलमामुळे. मुंबई उच्च न्यायालयाने नगरपालिका निवडणुकीत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवणारी तरतूद याच आधारे वैध ठरविली. मात्र कलम १५(३) हे राज्यसंस्थेला अनुज्ञा देते, तिच्यावर सक्ती करीत नाही. त्यामुळे अनुदान हा संस्थांचा हक्क न ठरता धोरणाचा विषय राहिला आहे.

कलम १९(१)(ग) अन्वये संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांना प्राप्त झाले आहे. हिंदी साहित्य संमेलनासंबंधीच्या १९७१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की संस्थेच्या सभासदांवर बाहेरचे सभासद कायद्याने लादणे म्हणजे या स्वातंत्र्याचा भंग होय. सभासदत्व स्त्रियांपुरते मर्यादित ठेवणाऱ्या संस्थांना हे तत्त्व उपकारक आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर सभासदत्वाच्या व आश्रयाच्या संदर्भात ‘स्त्री’ या शब्दाची व्याप्ती कोणती मानावी, याचाही विचार अनेक संस्थांना करावा लागला.

अनुदान व नियोजन : ऑगस्ट १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख (१९०९–८१) यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यार्थ चार कोटी रुपयांची तरतूद होती. राज्यांतही अशी मंडळे नेमण्यात आली. प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम (१९५८ पासून), बालवाड्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची वसतिगृहे इ. योजना या मंडळांमार्फत संस्थांकडे आल्या. त्यामुळे ग्रामीण भागांत महिला मंडळांचे जाळे विस्तारले. परंतु ‘कल्याण’ या कल्पनेत स्त्री ही साहाय्याची लाभार्थी मानली गेली, हक्कांची धारक नव्हे.

भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या समितीच्या १९७४ च्या अहवालाने या दृष्टिकोनातील उणीव स्पष्ट केली. सहाव्या पंचवार्षिक योजनेत (१९८०–८५) स्त्रिया व विकास या विषयास प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले आणि १९९४ मध्ये देशातील पहिले राज्यस्तरीय महिला धोरण जाहीर केले. त्यानंतरची धोरणे २००१, २०१४ व २०२४ या वर्षी आली. १९९० नंतर स्वयंसाहाय्य बचत गटांवर शासनाचा भर वाढला. २०११ च्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानापासून तर असे गट शासकीय यंत्रणेकडूनच संघटित होऊ लागले. परिणामतः अनेक गावांतील जुन्या महिला मंडळांचे सभासद बचत गटांकडे वळले. कर्ज व व्यवसाय यांना त्यामुळे चालना मिळाली, परंतु हिंसा, दारू वा मालमत्तेतील वाटा यांसारखे प्रश्न हाती घेण्याची प्रथा कित्येक ठिकाणी मागे पडली. २०२२ पासून आधारगृहांच्या पूर्वीच्या निरनिराळ्या केंद्रीय योजना ‘मिशन शक्ती’ या एकछत्री योजनेत समाविष्ट करण्यात आल्या.

अनुदानाच्या पद्धतीचा संस्थांच्या स्वरूपावर थेट परिणाम होतो. अनुदान बहुधा खर्च झाल्यानंतर, हप्त्यांनी व विशिष्ट बाबींपुरते मिळते. ते येईपर्यंत पगार, भाडे व निवासी स्त्रियांचा आहार यांचा भार संस्थेस सोसावा लागतो. ज्या संस्थेपाशी राखीव निधी आहे, तीच हा भार पेलू शकते. साहजिकच शहरांतील जुन्या व स्थिरावलेल्या संस्थांना शासकीय योजना सोयीच्या पडतात, तर दलित, आदिवासी वा भटक्या समाजांतील स्त्रियांनी चालविलेल्या लहान संस्था गरज अधिक असूनही मागे राहतात.

समताविषयक कायदे व संस्थांचे वैधानिक स्थान : चंद्रपूर जिल्ह्यातील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध विधीच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या अनावृत पत्रानंतर देशभर निदर्शने झाली. मुंबईत १९८० मध्ये स्थापन झालेला बलात्कारविरोधी मंच (पुढे स्त्री-अत्याचारविरोधी मंच) याच चळवळीतून पुढे आला. यांपैकी काही गटांनी शासकीय अनुदान न घेण्याचे तत्त्व जाणीवपूर्वक स्वीकारले. १९८३ च्या फौजदारी कायदा सुधारणेने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत विवाहितेच्या छळासंबंधीचे कलम ४९८अ समाविष्ट झाले (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, कलमे ८५ व ८६).

या चळवळीचा एक दूरगामी परिणाम म्हणजे स्वयंसेवी संस्थांना कायद्याने मिळालेले स्थान होय. हुंडा प्रतिबंधक अधिनियमाच्या १९८४ च्या सुधारणेनुसार पीडित व्यक्ती वा तिचे नातेवाईक यांच्याप्रमाणे मान्यताप्राप्त कल्याणसंस्थेलाही न्यायालयात तक्रार दाखल करता येऊ लागली. माहेरची माणसे लोकलज्जेस्तव गप्प बसतात तेथे ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमात समाजकल्याण संस्थांचे सहकार्य घेण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला व पुढे महाराष्ट्र शासनाने या उपक्रमाचा राज्यात विस्तार केला. शासनयंत्रणेच्या आवारात बसूनही पीडितेच्या बाजूने काम करता येते, याचे हे एक उल्लेखनीय उदाहरण होय.

गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला नियंत्रक कायदा केला. त्यामागे मुंबईतील स्त्रीसंघटना, आरोग्य कार्यकर्ते व वैज्ञानिक यांची मोहीम होती. १९९४ च्या केंद्रीय अधिनियमाने सामाजिक संस्थांना पूर्वसूचना देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार दिला आणि सल्लागार समित्यांत स्त्रीसंघटनांना प्रतिनिधित्व दिले. अधिनियमाची अंमलबजावणी होत नसल्याचे पाहून ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाच्या आदेशानंतर सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी व पाहणी यांना गती मिळाली व २००३ मध्ये अधिनियमात सुधारणा झाली. कायदा होण्यापूर्वी मागणी करणाऱ्या संस्थांनाच कायदा झाल्यानंतर त्याच्या पालनासाठीही झगडावे लागते, असे यावरून दिसून येते.

राजस्थानातील महिला विकास कार्यक्रमाच्या एका ग्रामकार्यकर्तीने बालविवाहास विरोध केल्यानंतर तिच्यावर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून स्त्रीसंघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा निर्णय दिला. कामाच्या ठिकाणच्या तक्रार समितीत बाहेरील संस्थेचा प्रतिनिधी असावा, हे तत्त्व त्यात घालून देण्यात आले आणि ते २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमात कायम राहिले. अंतर्गत समितीत बाहेरील सदस्य असल्याने वरिष्ठांच्या दडपणास आळा बसावा, हा हेतू होय. तथापि, या सदस्याची नेमणूक मालकच करतो आणि नियमांनुसार तिला मिळणारा भत्ता दिवसाला दोनशे रुपये व प्रवासखर्च एवढाच आहे. त्यामुळे अशा सदस्याचे स्वातंत्र्य तिच्या संस्थेच्या भक्कमपणावर अवलंबून राहते.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६) याने संस्थांना अधिक व्यापक स्थान दिले. राज्य शासनाकडे सेवा पुरवठादार म्हणून नोंद झालेली संस्था हिंसाचाराच्या घटनेचा विहित अहवाल तयार करू शकते, पीडितेची वैद्यकीय तपासणी करविते व तिला आधारगृहात पोचविते. सद्‌भावनेने केलेल्या अशा कृतीबद्दल संस्थेविरुद्ध दावा चालत नाही. मात्र या कामासाठी संस्थेस निधी देण्याचे बंधन अधिनियमाने शासनावर घातलेले नाही. जबाबदारी कायद्याने आणि खर्च संस्थेने, अशी ही विभागणी असून अधिनियमाच्या असमान अंमलबजावणीचे ते एक कारण आहे.

कायद्याने दिलेले स्थान पुढील कायद्याने जाऊही शकते. समान वेतन अधिनियम, १९७६ यात १९८७ च्या सुधारणेने मान्यताप्राप्त कल्याणसंस्थांना तक्रारीचा अधिकार मिळाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेने हा अधिनियम रद्द झाला. संहितेत तक्रार करू शकणाऱ्यांत शासन व त्याचे अधिकारी, कर्मचारी आणि नोंदणीकृत कामगार संघटना यांचा उल्लेख आहे, कल्याणसंस्थांचा नाही. कामगार संघटनेपासून दूर असलेल्या असंघटित स्त्री-कामगारांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे.

न्यायालयीन धोरणातही असे चढउतार दिसतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९८अ खालील तक्रारी आधी कुटुंबकल्याण समित्यांकडे पाठविण्याचा आदेश दिला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील स्त्री-वकिलांची ‘न्यायाधार’ ही संस्था आणि इतर यांनी त्यास आक्षेप घेतला व २०१८ मध्ये तो भाग रद्द झाला. तथापि, २०२५ मध्ये अशाच समित्यांविषयीची अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

नियमन व बंधने : महाराष्ट्रातील धर्मादाय स्वरूपाच्या संस्थेला सामान्यतः दोन नोंदण्या कराव्या लागतात : एक १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि दुसरी मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखाली. विश्वस्तांतील बदल, वार्षिक लेखापरीक्षण व स्थावर मिळकतीची विक्री या बाबी धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतात. २०२० च्या वित्त अधिनियमाने करसवलतीसाठीच्या नोंदणीचे मुदतीने नूतनीकरण आवश्यक केले. ज्या संस्था खाद्यपदार्थ वा हस्तव्यवसायाच्या वस्तू विकून स्त्रियांना काम देतात, त्यांना विक्री हे धर्मादाय कार्याचे साधन आहे की व्यापार, या वादालाही तोंड द्यावे लागते.

परकीय देणग्यांचे नियमन प्रथम १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सुरू झाले. त्याची जागा २०१० च्या अधिनियमाने घेतली. २०२० च्या सुधारणेने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस परकीय निधी हस्तांतरित करण्यास मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि अशा निधीसाठी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेत खाते उघडणे सक्तीचे केले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुधारणा वैध ठरविली. पूर्वी मोठी संस्था निधी मिळवून तो तालुक्याच्या ठिकाणच्या लहान स्त्रीगटांना वाटून देत असे. ती वाट बंद झाली. सल्ला, समुपदेशन व कायदेशीर मदत या कामांत बहुतांश खर्च कार्यकर्त्यांच्या मानधनावर होत असल्याने प्रशासकीय खर्चाचा हिशेब मांडणे अशा संस्थांना अधिक जिकिरीचे होते. दुसरीकडे, राजकीय हेतूवाचून केलेल्या बंद वा मोर्चासारख्या कृतींमुळेच केवळ एखादी संस्था राजकीय ठरत नाही, असा निर्वाळाही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमान्वये ठराविक मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते व स्त्री-पुरुष समानता हा त्यातील एक मान्य विषय आहे. तथापि, हा पैसा प्रायः कौशल्यशिक्षण व शाळा यांकडे वळतो. हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांच्या वाट्याला तो कमी येतो.

समताविषयक कायदे संस्थांच्या अंतर्गत कारभारासही लागू होतात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमात ‘कामाचे ठिकाण’ या संज्ञेत स्वयंसेवी संस्था व विश्वस्तसंस्था अंतर्भूत असून दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. मानधन या नावाखाली कार्यकर्तीस किमान वेतनाहून कमी पैसे देण्याच्या प्रथेबद्दल टीका होत आली आहे.

नामधारी संस्थांचा प्रश्न : स्त्रीसंस्थांना प्राधान्य देण्याच्या धोरणाचा गैरफायदाही घेतला जातो. अंगणवाड्यांच्या पोषण आहारासाठी कंत्राटदार न नेमता शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांची मदत घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. महाराष्ट्रात काही महिला मंडळांच्या नावाआड खासगी कंत्राटदारच पुरवठा करीत असल्याचा आक्षेप पुढे न्यायालयाच्या आयुक्तांच्या वतीने नोंदविण्यात आला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या निविदेतील अटी खऱ्या स्थानिक बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या असल्याचे ठरवून ती प्रक्रिया रद्द केली. उलाढालीची मोठी अट घातली, की ‘महिला’ हे नाव उरते, पण गावातील स्त्री स्पर्धेतून बाद होते, हे या प्रकरणावरून ध्यानात येते.

इतर देशांतील अनुभव : समतेच्या तत्त्वाचा अर्थ केवळ सर्वांना सारखी वागणूक असा केल्यास स्त्रियांच्या विशेष संस्थाच अडचणीत येतात, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. लंडनमधील ईलिंग नगरपरिषदेने कौटुंबिक हिंसाचारविषयक सेवा सर्वांसाठी एकच असावी, असे ठरवून दक्षिण आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी कार्य करणाऱ्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्थेचे अनुदान थांबविण्याचे योजिले. २००८ मध्ये हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले असता परिषदेला माघार घ्यावी लागली. विशिष्ट गटासाठीची सेवा समतेच्या विरोधी नसून समता साधण्याचा तो एक मार्ग असू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तेथील २०१० च्या समता अधिनियमात केवळ स्त्रियांसाठी असलेल्या सेवांना अपवाद म्हणून स्थान आहे. या अधिनियमातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगानुसार घ्यावा, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

मूल्यमापन : गेल्या शतकभरात स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्थांनी समताविषयक कायदे घडविण्यास हातभार लावला आणि त्या कायद्यांनी संस्थांना तक्रारदार, सल्लागार, साक्षीदार व सेवा पुरवठादार अशा भूमिका दिल्या. परंतु कायद्याने भूमिका दिली, त्या प्रमाणात धोरणाने साधने दिली नाहीत. शिवाय ‘मान्यताप्राप्त’ व ‘नोंदणीकृत’ या शब्दांनी अधिकार दिला, तसा त्याचा लगामही शासनाच्या हाती ठेवला. आधारगृहे व समुपदेशन यांसारख्या नित्याच्या सेवा सार्वजनिक पैशाविना टिकू शकत नाहीत. तर कायद्यातील उणिवा दाखविण्याचे कार्य केवळ अनुदानावर विसंबून करता येत नाही. म्हणून सेवांसाठी वेळेवर व पूर्ण खर्चाचे अनुदान, लहान संस्थांना झेपतील अशा नोंदणीच्या अटी आणि अनुदान घेऊनही टीका करण्याची मोकळीक या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या स्त्रीसाठी ज्या दाराची कडी उघडते, ते दार पुष्कळदा अशाच एखाद्या संस्थेचे असते. ते उघडे राहते की नाही, यावर समताविषयक कायद्यांची खरी कसोटी अवलंबून आहे.